बाळासाहेबांचे झाकलेले चित्र

शनिवारी दुपारी पावणेचार वाजता उल्काने ईझलवरचा पडदा सरकवला, आणि मागे चित्र नव्हते.

पुठ्ठा होता. चित्राचे कोपरे अडकवण्यासाठी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी खाचा होत्या. थोड्याच वेळात हे ईझल छोट्या खोलीतून हॉलमध्ये न्यायचे होते आणि चारच्या ठोक्याला सगळ्यांसमोर पडदा सरकवायचा होता. चित्र काढणारे बाळासाहेब बाहेर स्टेजवर बसून मुलांना गोष्ट सांगत होते. त्यांचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता.

उल्का ओरडली नाही. ती आयर्लंडमधल्या मीथ मराठी मंडळाची सेक्रेटरी होती. गणपतीत ऐन आरतीच्या वेळी हॉलचा फायर अलार्म वाजला, तेव्हाही ती ओरडली नव्हती. तिने पडदा परत ओढला, बाहेर आली आणि देवयानीच्या कानाशी म्हणाली, "जरा आत ये. आणि हसत हसत ये."

देवयानी हसत हसत गेली. तिच्यामागून चिवड्याची डिश घेऊन सारंग गेला.

देवयानी पाटणकर मूळची नागपूरची. नावनमध्ये राहून ती विमा कंपन्यांसाठी खासगी तपासाची कामे करत असे. आयर्लंडमध्ये त्या कामाला परवाना लागतो आणि तो तिच्याकडे होता. गाडी चालवण्याचा मात्र नव्हता. ती दोनदा नापास झाली होती आणि तिसऱ्या परीक्षेची तारीख मिळत नव्हती. म्हणून शेजारचा सारंग तिला नेत-आणत असे. सारंग पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टर. तपासात आपला उपयोग होतो असे त्याला मनापासून वाटे. देवयानीने त्याचा हा समज कधी मोडला नव्हता.

"पडद्याला हात लावू नकोस," देवयानी म्हणाली. "तो कागद कुठे होता?"

ईझलशेजारच्या खुर्चीवर बटर पेपरचा मोठा ताव ठेवला होता. चित्रावर धूळ बसू नये म्हणून वरून सोडतात तो.

"तिथेच," उल्का म्हणाली. "असाच. सरळ."

देवयानीने वाकून पाहिले. मग सारंगला बोलावले. "काय दिसतं?"

"एका कोपऱ्यात बुटाचा ठसा. ओला होता, आता वाळलाय."

"आणि वरच्या कडेला?"

"केशरी डाग." सारंगने आपल्या हातातल्या डिशकडे पाहिले. "चिवड्याचा असेल. पण मी आत आलो नव्हतो हां."

"तू आत आला नव्हतास," देवयानी म्हणाली. "आधी मला सांगा, हे चित्र गेलं तर नेमकं काय गेलं?"

उल्का खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बाळासाहेबांनी वीस वर्षांत काढलेलं एकमेव चित्र गेलं. आणि ते म्हणालेत, हे शेवटचं. बुधवारी ते कोल्हापूरला परत चाललेत."

बाळासाहेबांना हॉलमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाने लहानपणी पाहिले होते, म्हणजे त्यांची सही पाहिली होती. 'टेहळणी' नावाचे एक रहस्यकथांचे साप्ताहिक होते, वर्तमानपत्राएवढे मोठे. आई-वडील पुढच्या कथा वाचत आणि मुले मागून सुरुवात करत, कारण शेवटच्या पानावर बाळासाहेबांचे चित्रकोडे असे. एक खोली, एक गुन्हा, तीन संशयितांची तीन वाक्ये. खोटे कोण बोलतो ते चित्र पाहून ओळखायचे. उत्तर पुढच्या आठवड्यात. साप्ताहिक बंद पडले, पण ती पाने घरोघरी जपली गेली. सारंगच्या आजोळी ती माळ्यावरच्या ट्रंकेत होती.

आजचे प्रदर्शन त्याच सगळ्याचे होते, सचित्र रहस्यकथांचे. हॉलमध्ये दोन लांब टेबलांवर पुस्तके मांडली होती. मुखपृष्ठांवर सुरे, कंदील, हिरव्या चेहऱ्यांचे खलनायक, अर्धवट उघडी दारे. संग्रह उपेंद्रचा. सकाळी त्याने एकेक पुस्तक खाकी कागदातून सोडवून मांडले होते आणि सगळ्यांना बजावले होते, "एकाही पुस्तकाला कव्हर नको. मुखपृष्ठं बघायलाच लोक येणार आहेत." सुटलेला खाकी कागद मुलांना चित्रे काढायला दिला होता.

आणि नव्या कोड्याची तीन वाक्ये उल्काने हॉलच्या भिंतीवर आधीच लावली होती, म्हणजे मुले विचार करत बसतील. एका श्रीमंताच्या घरातून रात्री रत्नहार गेला आहे. पुतण्या म्हणतो: मी खिडकीशी पुस्तक वाचत होतो. दिवाणजी म्हणतो: मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, नऊ वाजले होते, तेव्हा हार जागेवर होता. गायिका म्हणते: मी पावसात भिजत आले, तेव्हा कपाट उघडं होतं.

खोटे कोण बोलते ते चित्रात होते. आणि चित्र नव्हते.

"गार्डांना फोन करू?" उल्काने विचारले.

"पोलीस आले की बाळासाहेबांना कळणार. चारला अजून वेळ आहे. चहा लांबव," देवयानी म्हणाली. "या खोलीत कोण कोण आलं?"

त्याचे उत्तर केअरटेकर शिवॉनने दिले. ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती. चहाच्या सुट्टीत छोट्या खोलीत चौघेच गेले: उल्का, बाळासाहेबांची मुलगी वसुधा, उपेंद्र, आणि लिमरिकहून आलेला तो उंच विद्यार्थी. हॉलच्या बाहेर मात्र कोणी गेले नाही. "या पावसात कुत्रंसुद्धा बाहेर पडायचं नाही," शिवॉन म्हणाली आणि कौतुकाने पावसाकडे पाहू लागली.

"म्हणजे चित्र इथेच आहे," सारंग म्हणाला. "आणि लिमरिकवाल्याच्या पाठीवर पोस्टर ठेवायची नळी आहे. संपलं."

"बरं. मग त्याच्यापासून सुरू करू."

राजस लिमरिकच्या विद्यापीठात ॲनिमेशन शिकत होता. बाळासाहेबांचे चित्र स्कॅन करून ते हलते करण्याची त्याची योजना होती. विचारायच्या आधीच त्याने नळी उघडून दाखवली. आत त्याचेच पोस्टर होते.

"मी स्कॅनर ठेवायला खोलीत गेलो होतो," तो म्हणाला. "पडदा ओढलेला होता. उघडला नाही. खरं सांगू का, उघडावासा वाटला होता."

"उद्घाटनाला दिसला नाहीस."

"उशीर झाला ताई. नावनमध्ये शिरताना ट्रॅफिक. मी आलो तेव्हा समई लावून झाली होती, प्रसादही संपला होता."

"तरीच कपाळ कोरडं आहे," देवयानी म्हणाली.

सारंगने आपल्या कपाळाला हात लावला. दुपारी सरस्वतीच्या तसबिरीसमोर उल्काने बायकांना हळदकुंकू लावले होते आणि पुरुषांना अष्टगंध. ते आता वाळून खपली झाले होते. त्याने खाजवले तर थोडी भुकटी बोटाला आली.

"याने नाही घेतलं," बाहेर येताना देवयानी म्हणाली.

"नळीत त्याचंच पोस्टर निघालं म्हणून?"

"नळीचा काही संबंध नाही."

वसुधा स्वयंपाकघरात कप विसळत होती. ती नावनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती आणि आज सुट्टी घेऊन आली होती. चित्र गेल्याचे ऐकून तिने नळ बंद केला.

"बाबांना सांगितलंत?"

"नाही. तुम्ही खोलीत कशाला गेला होतात?"

"त्यांची शाल आणायला." ती हात पुसत राहिली. "तुम्ही त्यांना बघितलंत ना? बोलताना मान वळवून बघतात. लोकांना वाटतं, ऐटीत आहेत. डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेचं दिसतं, समोरचं धूसर. सरळ रेघ वाकडी दिसते. डॉक्टर म्हणाले, वाढणार. म्हणून ते म्हणाले, एक काढतो आणि थांबतो. दोन महिने दार लावून बसायचे. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत."

"तुम्ही चित्र पाहिलंत?"

"मला नाही दाखवलं. माझ्या मुलीला, मुक्तालासुद्धा नाही. परवा कागदात लपेटून उपेंद्रच्या हातात दिलं, पुठ्ठ्यावर चढवायला. म्हणाले, तो जाणकार आहे." ती थांबली. "देवयानी, ते नाही मिळालं तर ते दुसरं काढू शकणार नाहीत. ते स्वतः असं म्हणणार नाहीत. पण नाही काढू शकणार."

हॉलमध्ये टेबलाजवळून जाताना सारंगचा पाय खाली पडलेल्या एका लहान मुलाच्या चित्रावर पडला. त्याने ते उचलले, कपाळाला लावले आणि टेबलावर ठेवले. मान वर करतो तर देवयानी त्याच्याकडे एकटक पाहत होती.

"काय झालं?"

"पुन्हा कर."

"काय पुन्हा करू?"

"काही नाही. झालं माझं काम."

उपेंद्र त्याच्या पुस्तकांच्या टेबलामागे उभा होता. डब्लिनच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला, चाळिशी उलटलेला. मंडळात त्याच्याबद्दल दोन मते होती: तो पुस्तकांसाठी जीव देईल, किंवा घेईल. रुमालाने तो सारखा कपाळ पुसत होता. हॉलमध्ये फारसे गरम नव्हते.

"चित्र गेलं, म्हणजे पहिला संशय माझ्यावरच," तो म्हणाला. "साहजिक आहे. या देशात ते चित्र कोणाला हवं असेल, तर मला."

"तुम्ही खोलीत गेला होता."

"ईझल नीट उभं आहे का बघायला. मी पडदा उघडला नाही."

"चित्र कसं आहे? ते फक्त तुम्हीच पाहिलंय."

उपेंद्रने एक पुस्तक उगाच सरळ केले. "बाळासाहेबांचं आहे. अजून काय सांगणार? मी तर उल्काला सकाळी म्हणालो होतो, आज जुनंच एखादं दाखवू, नवं नंतर कधीतरी. एवढ्या मुलांच्या गडबडीत कशाला? तिने ऐकलं नाही."

"त्यांची कोडी सोडवायची युक्ती काय हो?" सारंगने विचारले. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. "मला लहानपणी एकसुद्धा सुटलं नाही."

उपेंद्रचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "सगळे चित्रात काय आहे ते शोधत बसतात. बाळासाहेबांच्या चित्रात काय नाही, ते बघायचं. भिजलेला माणूस आणि खाली ओल नाही. पेटलेला दिवा आणि सावली नाही. मी तिसरीत होतो तेव्हा मला हे कळलं. त्या दिवशी मी जेवलोच नाही, इतका आनंद झाला होता."

सारंगने चहाचा कप शेजारच्या जाड पुस्तकावर टेकवला.

"कप उचल," उपेंद्र म्हणाला. आवाज एकदम चढला होता. "सॉरी. पण उचल."

सारंगने कप उचलला. पाटाएवढा मोठा खंड होता, खाकी कव्हर घातलेला. चहाचा थेंबसुद्धा पडला नव्हता. जाणकार माणसे विचित्रच असतात, असे मनाशी म्हणत तो बाजूला झाला.

देवयानी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहत गेली. मग म्हणाली, "सारंग, शिवॉनला विचारून ये, हॉल किती वाजेपर्यंत आपला आहे."

तो परत आला, तेव्हा ती टेबलाशीच उभी होती, आणि उपेंद्र तिच्या समोर, मान खाली घालून. देवयानीचा चेहरा उतरला होता. दोन वर्षांत असा चेहरा सारंगने एकदाच पाहिला होता, दुसऱ्यांदा नापास झाली त्या दिवशी.

"नाही सापडलं?"

"सापडलं," ती म्हणाली. "शोधायला नको होतं, असं वाटतंय."

तेवढ्यात स्टेजवरून खणखणीत आवाज आला. "काय वो देवयानीबाई, कुजबुज लई वेळ चाललीया. चित्र गेलं न्हवं माझं?"

सगळे स्टेजकडे वळले. उल्काने हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" देवयानीने विचारले.

"कुनी न्हाई. चारला पडदा सरकायचा, सव्वाचार झाले. उल्काताई तिसऱ्यांदा चहा द्यायल्यात. आनि एक बाई टेबलाटेबलाशी जाऊन मानसं गाठायलीया. उभा जन्म ह्याच धंद्यात गेला माझा." बाळासाहेबांनी मान वळवून कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहिले. "सापडलं का?"

"सापडलं."

"मग सांगा की. शेवटी समद्यांना एका खोलीत बसवायचं आनि उलगडा करायचा, हा पायंडाच हाय. पोरांनो, बसा खाली."

"बाळासाहेब, चित्र मिळालं एवढं पुरे नाही का?"

"न्हाई पुरे. आमच्या लेखकानं असलं शेवटचं पान दिलं असतं, तर मी त्याला परत पाठिवलं असतं."

देवयानीने उपेंद्रकडे पाहिले. त्याने हळूच मान हलवली. सांग, अशी.

ती स्टेजच्या पायरीशी उभी राहिली.

"खोलीत चौघं गेले. चोराने चित्र पुठ्ठ्यावरून काढलं तेव्हा वरचा बटर पेपर खाली पडला आणि त्याच्यावर चोराचा पाय पडला. एका कोपऱ्यात ओल्या बुटाचा ठसा आहे, छत्र्यांचं पाणी हॉलभर झालंय. साधा चोर काय करील? तसाच टाकून पळेल. पण कागद आम्हाला खुर्चीवर मिळाला, नीट ठेवलेला. आणि वरच्या कडेला केशरी डाग आहे. सारंगला तो चिवड्याचा वाटला."

हसू फुटले. सारंगही हसला.

"आपला पाय कागदाला लागला, तर आपण काय करतो? उचलतो आणि कपाळाला लावतो. विचार करून नाही करत. सारंगने मघाशी केलं, आणि त्याला आठवतसुद्धा नाही. चोराने चोरी करताना तेच केलं. डाग कपाळावरच्या अष्टगंधाचा आहे. बायकांना आज हळदकुंकू लावलं, म्हणजे उल्का आणि वसुधा नाहीत. राजस उद्घाटनानंतर आला, त्याचं कपाळ कोरडं. उरला एकच माणूस."

माना वळल्या. उपेंद्रने रुमाल खिशात घातला.

"आता चित्र कुठे? बाहेर पाऊस, दाराशी शिवॉन. ज्याला चित्राची किंमत कळते तो त्याची घडी घालणार नाही, गुंडाळणार नाही. त्याला एक सपाट, मोठी, कोरडी जागा हवी. उपेंद्रनीच आम्हाला शिकवलं, काय नाही ते बघा. हे मुखपृष्ठांचं प्रदर्शन आहे. टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकाला मुखपृष्ठ आहे. एकाला नाही. 'टेहळणी'च्या बांधीव खंडाला. सकाळी सगळे खाकी कागद निघाले होते, आणि दुपारी त्याला नवं कोरं कव्हर. जपायची वस्तू हाताशी आली की आपल्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आपण सगळ्यांनी बसून कव्हरं घातली आहेत. आणि खाकी कागदाआड चित्र आणून आपल्याच टेबलाशी पुस्तकाला कव्हर घालणाऱ्या उपेंद्रकडे कोण बघणार? चित्र त्या कव्हराच्या आत आहे."

बाळासाहेबांनी मान डोलावली. "झ्याक," ते म्हणाले. "पन अर्धंच झालं. का नेलं?"

देवयानीने पुन्हा उपेंद्रकडे पाहिले.

"मला हवं होतं," उपेंद्र म्हणाला. "लहानपणापासून. मोह झाला. माफ करा."

"खोटं." बाळासाहेब शांतपणे म्हणाले. "मी चित्र तुझ्या हातात दिलं, त्याला दोन दिस झाले. हवं असतं तर घरीच ठेवलं असतंस, वाटेत हरवलं म्हनून सांगितलं असतंस. तू ते आनलंस, चढवलंस, आनि दाखवायच्या आधी काढून ठेवलंस. तुला ते नको हुतं घ्यायला. लोकांनी बगायला नको हुतं. का?"

उपेंद्रने वसुधाकडे पाहिले, मग खाली. सारंगला तेव्हा कळले की देवयानीचा चेहरा कशाने उतरला होता. जे ती टाळत होती ते म्हातारा स्वतःच्या हाताने ओढून आणत होता.

"आना हिकडं."

उल्काने छोट्या खोलीतले ईझल स्टेजवर आणले, उपेंद्रने खंड आणला. कव्हराची घडी सोडवली आणि चित्र दोन्ही तळव्यांवर धरून ईझलवर ठेवले.

खोली होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर उघडे पालथे पुस्तक. कोपऱ्यात उभी छत्री, तिच्याखाली पाण्याचे थारोळे. कपाट उघडे. दाराची चौकट मात्र पाण्यात पाहावी तशी किंचित हेलकावत होती. आणि मधोमध, भिंतीवर, मोठे गोल घड्याळ. बाराही आकडे सुबक. काटे नव्हते.

काटेच नव्हते.

मोठ्या माणसांत कोणी हलले नाही. दिवाणजीने घड्याळात नऊ पाहिले होते. चित्रात साडेदहा असायला हवे होते, किंवा आठ, काहीतरी. तीच तर खूण. आणि ती काढायची राहून गेली होती, जिथे त्यांची नजर रोखून पाहिली की धूसर होत होती, नेमक्या त्या जागी. वसुधाने तोंडावर हात ठेवला. उपेंद्र चित्राकडे न पाहता बाळासाहेबांकडे पाहत होता.

"का रं गप झाला समदे?" बाळासाहेबांनी विचारले. त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या.

पहिल्या रांगेतून मुक्ता उठली. बाळासाहेबांची नात, पाचवीतली. मराठी तिला सगळे कळे, पण उत्तर ती नेहमी इंग्रजीत देई, तेही पक्क्या नावनच्या. आजोबांना तिचे इंग्रजी कळत नसे, म्हणून वसुधा मध्ये बसून सांगत असे. आत्ता मुक्ताने आईकडे पाहिले नाही. ती शब्द जुळवत सावकाश बोलली.

"आजोबा, घड्याळाला काटे नाहीत."

सारंगने डोळे मिटले.

"मग त्या मॅनला... दिवाणजीला, नऊ कसे दिसले? तो घड्याळ बघितलाच नाही. तो खोटा बोलतो."

मुले पुढे सरकून घड्याळाकडे बघू लागली.

बाळासाहेब उठले. चार पावले चालून ईझलशी गेले. उजव्या हाताचे बोट त्यांनी घड्याळाच्या कडेवर ठेवले आणि हळूहळू मध्यावर आणले. तिथे ते बोट थोडा वेळ राहिले.

"बरोबर," ते म्हणाले.

मुलांनी एकदम कल्ला केला. मुक्ताने दोन्ही मुठी वर केल्या. "तुला कसं सुचलं ग पोरी?" बाळासाहेबांनी विचारले, आणि ती पुन्हा इंग्रजीत सुरू झाली, आणि वसुधाला सांगायला शब्द फुटेनात.

"आनि तू, उपेंद्र," बाळासाहेब गर्दीतून म्हणाले. "तिसरीत कळलं हुतं म्हनं तुला. नंतर इसरलास व्हय?"

उपेंद्र हसला. रुमाल बाहेर काढून त्याने कपाळ पुसले, मग डोळे.

परतताना सारंग गाडी चालवत होता. वायपर फिरत होते.

"त्यांनी मुद्दामच काटे काढले नव्हते," सारंग अखेर म्हणाला. "उपेंद्र उगाच घाबरला."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"काय नाही ते दाखवायची त्यांची जुनी रीत. बारा आकडे न चुकता जागच्या जागी बसवणारा माणूस काटे विसरेल का? हे एका बाजूला." देवयानी समोरच्या काचेकडे पाहत होती. "चौकट वाकडी आहे. ती मुद्दाम नाही. आणि 'बरोबर' म्हणायच्या आधी त्यांनी बोट मध्यावर नेऊन पाहिलं. आपण काय काढलं हे माहीत असलेल्या माणसाला चाचपायची गरज नसते."

"पण मग हे कोडं त्यांनी रचलं की मुक्ताने?"

"तेच मला माहीत नाही."

"विचारलं नाही तुम्ही?"

"नाही." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुढच्या सिग्नलला डावीकडे घे. आणि इंडिकेटर दे, बाप्पा. मी नापास असले तरी मला तेवढं कळतं."

सोमवारी चित्र नावनच्या वाचनालयात लागले. खाली तीन वाक्ये, मराठीत आणि इंग्रजीत. उत्तर दिलेले नाही. उपेंद्रने फ्रेम करून दिली आणि काचेवर बोटांचे ठसे नकोत म्हणून पाटीही लावली.

मंगळवारी संध्याकाळी वसुधाचा फोन आला. बाबांनी बुधवारचे तिकीट पुढे ढकलले आहे. पुन्हा दार लावून बसतात. आता मात्र मुक्ताला आत घेतात. ती बाहेर येऊन काही सांगत नाही, पण वसुधाने दार उघडे राहिले तेव्हा लांबून पाहिले. नवी खोली आहे, नवे कपाट, आणि भिंतीवर घड्याळ.

"काटे आहेत?" देवयानीने विचारले.

"अजून नाहीत," वसुधा म्हणाली.